हातशेपर: लाईट नसताना धातू तासायचं यंत्र, पण त्याच्याकडून मागावं किती?

खाडीपलीकडे

लेथवर गोल कामं उरकतात. सपाट पृष्ठ, सरळ खाच किंवा डव्हटेल (तिरक्या बाजूंची, तळाला रुंद खाच) आलं की लेथवाला डोकं खाजवायला लागतो. मिलिंग मशीन तालुक्याला एखाद-दुसरं असतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, सगळ्या होड्या एकदम वर, सगळ्यांचे विंच, पंप आणि पुल्या एकदम खोललेल्या. त्यामुळे त्या मशीनपुढे रांग. आणि लाईट जायची तीही नेमकी तेव्हाच.

म्हणून हा धागा हातशेपरवर. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: बीडाचा (ओतीव लोखंडाचा) सांगाडा, वर डव्हटेलमध्ये पुढेमागे सरकणारा रॅम, रॅमच्या नाकावर खालीवर होणारी टूल-स्लाईड, तिच्यावर क्लॅपर बॉक्स, आणि समोर आडवं सरकणारं टेबल. मोटरवाल्या शेपरमध्ये क्रँक फिरतो, इथे लांब दांडा एका जोडपट्टीने थेट रॅमला लावलेला. दांडा ओढाल तेवढा स्ट्रोक. शेपर म्हणजे स्कॉटिश इंजिनिअर जेम्स नॅस्मिथची १८३६ सालची कल्पना. हाताने चालणारे छोटे अवतार पुढे इंग्लंडात निघाले, शेफिल्डचा अडेप्ट आणि गिल्डफर्डचा ड्रमंड ही त्यातली ओळखीची नावं. दोन माणसांनी उचलून टेम्पोत टाकता येतो, हा त्याचा मोठा गुण.

जुना मिळाला तर काय तपासून घ्यावा, एका माणसाच्या हाताने किती कट झेपतो, प्रोपेलर शाफ्टवरची चावीची खाच यावर कापावी का (चावी म्हणजे शाफ्ट आणि त्यावरचं चाक एकत्र फिरवणारी पट्टी) आणि खाऱ्या हवेत तो टिकवायचा कसा, यावर लिहा. "ग्राइंडर मारा, काम होतं" असे प्रतिसाद कृपया नकोत.

बीडवाला

आधी तपासणी. रंग, पॉलिश काही बघू नका. रॅम पूर्ण पुढे ओढा, नाकाखाली डायल गेज लावा आणि नाक हाताने वर उचला. ०.०५ मिमीच्या आत हललं तर उत्तम, ०.१५ पर्यंत जिब पट्टी (रॅमच्या मार्गातला खेळ घालवायची पट्टी) आवळून सावरता येतं. त्यापुढे स्क्रेपिंगचं काम आहे हे धरूनच भाव करा.

आता खरी गंमत जिब पट्टीत. रॅमचा मधला भाग रोज वापरला जातो, टोकं क्वचित. त्यामुळे झीज मध्ये. तिथला खेळ जाईपर्यंत पट्टी आवळलीत की दोन्ही टोकांना रॅम अडकतो. टोकाला मोकळा ठेवलात तर मध्ये ढिला. विकणारा दांडा नेहमी मधल्या चार बोटांतच हलवून दाखवतो! तुम्ही या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढा. जड-हलका-जड असं हाताला लागलं की समजा मार्ग झिजलेत. उपाय एकच: निळा रंग लावून, घासून, उंच ठिपके स्क्रेपरने काढणे. चौरस इंचाला आठ-दहा ठिपके बसले की या यंत्राला पुष्कळ झालं.

बीडाला तडा आहे का, तेही बघा. दांड्याच्या खिळीभोवती आणि टेबलाच्या टी-खाचांच्या कोपऱ्यात. रॉकेल लावा, पुसून कोरडं करा, वर खडूची पूड टाका. तडा असेल तर रॉकेल बाहेर येऊन रेघ ओली दिसते.

तिरफळ

कट किती झेपतो, त्यावर कोणी आकड्यात बोलेल का? "हलका घ्या" म्हणजे किती हलका?

सूतभर

बोलतो. माइल्ड स्टीलची पातळ चिप (टूलने सोललेला धातू) काढायला चिपच्या दर चौरस मिलिमीटरला साधारण ३०० किलो जोर धरा. दांड्याचा फायदा ४ पट मानू. माणूस सलग अर्धा तास ५-६ किलोच्या वर ओढू शकत नाही, म्हणजे टूलवर २०-२४ किलो. भागाकार केला की चिपचं क्षेत्र आलं ०.०८ चौ. मिमी. ०.४ मिमी खोली आणि ०.२ मिमी फीड (दर स्ट्रोकला टेबल आडवं सरकतं ते), यापेक्षा जास्त नाही.

आता तेच गणित १० मिमी रुंद चावीच्या टूलला लावा. खोली ०.०५ जरी घेतली तरी ०.५ चौ. मिमी, म्हणजे टूलवर १५० किलो आणि दांड्यावर ३७-३८. ता काय जमाचा नाय. म्हणून रुंद खाच कधीही रुंद टूलने कापायची नाही. ८ मिमीची खाच असेल तर ४ मिमीचं टूल घेऊन आधी मधोमध पूर्ण खोली गाठा, दर स्ट्रोकला ०.०३. मग दोन्ही बाजूंचे दोन-दोन मिमी कापा, तिथे रुंदी निम्मी म्हणून ०.०६ चालतं. ४ मिमी खोलीला सगळे मिळून पावणेतीनशेच्या आसपास स्ट्रोक होतात. मिनिटाला ३० धरले तर दहा मिनिटांच्या आत, तेवढ्यापुरता दांड्यावर ९ किलो जोर निभतो.

वल्हं

दांड्यावर पाईप चढवून लांबी वाढवली तर?

बीडवाला

नका. पाईप लागतोय म्हणजे कट जास्त आहे किंवा धार गेली आहे. जोडपट्टी बीडाची असेल तर ती तुटेल, आणि स्टीलची असेल तर तिची खिळी वाकेल.

सूतभरांच्या गणिताला जोड म्हणून वेळेचा हिशेब. टेबलाच्या स्क्रूचा पिच २ मिमी आणि रॅचेटला २० दात असतील तर एक दात म्हणजे ०.१ मिमी फीड. १०० मिमी रुंद पृष्ठ दोन दात फीडने ५०० स्ट्रोकचं, साधारण सतरा मिनिटं. दोन रफ आणि एक फिनिश म्हटलं की तास गेलाच. ३० बाय ३० चा तुकडा असेल तर कानस घ्या, वाईसमध्ये बांधून गुण्या लावेपर्यंत कानसवाल्याचं काम झालेलं असतं.

बीडाला मात्र सवलत आहे. शेवटचा हात रुंद नाकाच्या टूलने मारायचा: ६ मिमी रुंद सपाट धार, फीड ३ मिमी, खोली ०.०३. हात हलका राहतो आणि काम पटकन उरकतं. पण पहिला कट याच्या अगदी उलट! कोल्हापूरहून ओतून आलेल्या बीडावर वाळूची कातडी असते. तिच्यावरून ०.१ चा कट नेलात तर तीन स्ट्रोकमध्ये धार जाईल. पहिला कट कातडीच्या खालून गेला पाहिजे, निदान ०.५ मिमी, मग फीड ०.१ वर आणा.

गुण्या

टूलच्या कोनांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. स्ट्रोक चालू असताना फीड होत नाही, ते परतीनंतर होतं. म्हणून खालचा क्लिअरन्स (धारेखालची मोकळीक) ४ अंश पुरतो. लेथच्या सवयीने १० अंश घासलात तर धार उगाच नाजूक होते. वरचा रेक (चिप चढते त्या बाजूचा उतार) माइल्ड स्टीलला १२ ते १५, बीडाला ५ ते ८, पितळ आणि गनमेटलला शून्य. गनमेटलला रेक दिलात की टूल स्वतःहून आत घुसतं आणि हातातला दांडा पळतो.

वेग इतका कमी की टूल तापतच नाही. एचएसएस (हायस्पीड स्टील) उत्तम, लाल करून पाणी दिलेलं कार्बन स्टीलही चालतं. कार्बाइड मात्र नको. धक्क्याने कपचा उडतो, आणि या वेगात त्याचा फायदाही शून्य.

टूल शक्यतो हंसमानेचं करा, म्हणजे दांडी मागे वळवून धार क्लॅपरच्या तळाच्या रेषेत किंवा थोडी मागे आणलेली. जोर आला की सरळ टूलचं टोक वाकून खाली घुसतं. हंसमानेचं टोक वाकताना कामापासून वर सुटतं.

तिरफळ

आणि क्लॅपर? परतीच्या स्ट्रोकला उचलला जातो एवढंच माहीत.

गुण्या

निम्मे दोष त्याच्याच गळ्यात पडतात. क्लॅपर म्हणजे एका खिळीवर लोंबणारा ठोकळा. पुढे जाताना मागच्या भिंतीवर टेकतो, परत येताना टूलला वर घसरू देतो. त्याला पडायला क्षणभर अवधी लागतो, म्हणून स्ट्रोक कामाच्या मागे १२ मिमी आणि पुढे ६ मिमी जास्त ठेवा. मागे कमी ठेवलात तर क्लॅपर पुरता टेकायच्या आधीच टूल कामाला भिडतं आणि सुरुवातीचे आठ-दहा मिमी उंच राहतात. लोक याचा दोष टेबलाला देतात, शिमा (पातळ पत्रे) घालत बसतात.

असाच उंचवटा खिळीला ग्रीस लावल्यानेही येतो. ग्रीसने ठोकळा वर चिकटतो. तिथे पातळ तेलाचा एक थेंब, बस्स. पावसाळ्यात चार दिवस यंत्र बंद राहिलं की खिळीवर बारीक तांबूस गंज धरतो आणि ठोकळा अर्ध्यावरच थांबतो. बोटाने उचलून सोडा. "टक्" असा कोरडा आवाज आला पाहिजे. आवाज मऊ आला तर खिळी काढून पुसा. ठोकळा बाजूला डुगडुगत असेल तर पृष्ठावर लाटा येतील, तेव्हा खिळी बदला.

उभी बाजू तासताना क्लॅपर बॉक्स तिरका करायचा. त्याचं डोकं तासायच्या भिंतीपासून दूर झुकलं पाहिजे. उलट झुकवलंत तर परतीला टूल भिंतीत घुसतं.

वल्हं

पुलीच्या आतली खाच काढताना दूरच्या टोकाला खोली कमी भरते. बार लांब असतो, वाकत असणार. जाड बार घ्यायचा का?

खाडीपलीकडे

बार वाकतो हे खरं, पण दूरच्या टोकाला खोली कमी भरते ती त्यामुळे नाही. बार रॅमबरोबरच पुढे जातो, त्यामुळे त्याचं बाहेर आलेलं अंतर पूर्ण स्ट्रोकभर तेवढंच राहतं. त्याच्या वाकण्याने खोली सगळीकडे सारखी कमी होईल, एका टोकाला नाही. बदलत जातं ते रॅमचं बाहेर येणं. रॅम ढिला असेल आणि धार बोथट असेल तर पुढे गेल्यावर नाक वर उचलतं, खाच उथळ. धार तीक्ष्ण असेल तर नाक खाली झुकतं आणि खाच खोल. तुमची उथळ येते म्हणजे आधी टूलला धार लावा, मग जिब बघा. बार १६-२० मिमीचा असला की झालं. शेवटी फीड न देता चार-पाच रिकामे स्ट्रोक मारा, वाकलेला बार सरळ होताना उरलेलं काढतो.

आणि आतल्या खाचेला क्लॅपर पाचर मारून किंवा बोल्टने बंद करायचा. नाहीतर भोकातच उचलला जाऊन वरच्या बाजूला टूल आपटेल.

सूतभर

यात एक मोजमापाची चूक हमखास होते. ३० मिमीच्या भोकाला ८ बाय ७ ची चावी. शाफ्टमध्ये खोली ४.०, हबमध्ये (पुलीच्या भोकाच्या भागात) ३.३. लोक टूल भोकाच्या तळाला टेकवतात, तिथे शून्य धरतात आणि ३.३ खाली जातात. पण तळ गोल आहे. ४ मिमी रुंद टूलचे कोपरे आधी टेकतात तेव्हा मधला तळ अजून ०.१३ मिमी खाली असतो. म्हणजे ३.४३ जायला हवं. ८ मिमीचं टूल असतं तर फरक अर्ध्या मिमीच्याही वर गेला असता. त्यापेक्षा समोरच्या भिंतीपासून खाचेच्या तळापर्यंत व्हर्नियर लावा: ३३.३ भरलं की थांबा. चावीवर ०.३ मोकळं राहतं, तेच बरोबर. समांतर चावी बाजूंनी घट्ट बसते, डोक्याने नाही.

धक्क्यावरचा

आता प्रोपेलर शाफ्ट. मिरकरवाड्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत हा प्रश्न प्रत्येक बंदरावर येतो. माझं स्पष्ट मत: हातशेपरवर कापू नका.

कारण यंत्राची ताकद नव्हे. शाफ्टच्या निमुळत्या टोकावरची खाच आट्यांच्या बाजूने उघडी आणि जाड बाजूला बंद असते. शेपरचं टूल बंद टोकाला थांबू शकत नाही, चिप तिथेच लोंबकळते. म्हणून त्या टोकाला आधी खाचेपेक्षा थोडं खोल भोक पाडावं लागतं, चिप त्यात तुटून पडते. पंपाच्या किंवा विंचच्या शाफ्टला ठीक. पण प्रोपेलर शाफ्टवर पीळ आणि वाक दोन्हीचा ताण नेमका त्या जाड टोकालाच जास्त. तिथे खड्या काठाचं भोक म्हणजे तडा सुरू व्हायला जागा करून देणं. तिथे खाच होडीच्या नाळेसारखी हळूहळू वर येऊन संपली पाहिजे, आणि ते काम मिलिंगच्या चकतीचं.

वल्हं

भोकाचा काठ डाय ग्राइंडरने उतरता केला तर?

धक्क्यावरचा

काही नसण्यापेक्षा बरं. पण भोक खाचेपेक्षा खोल असतं, तो तळाचा खड्डा उरतोच. तो घालवायचा तर खाच तेवढी खोल करावी लागेल, मग चावी बसणार कशावर?

प्रोपेलरच्या आतली खाच मात्र हातशेपरवर सुरेख होते. तिथे भोक निमुळतं, आरपार, दोन्ही टोकं उघडी. टेपर मोजून घ्या, १ ला १० की १ ला १२. १ ला १० असेल तर तो व्यासावरचा, भिंत उतरते १ ला २० ने. म्हणजे १०० मिमी लांबीला एका बाजूखाली ५ मिमी जाडीची पट्टी घातली की भोकाची खालची रेघ रॅमला समांतर येते. चावीच्या डोक्यावर इथेही फट हवीच. चावी डोक्याला टेकली तर प्रोपेलर टेपरवर पूर्ण चढतच नाही, नट आवळून घट्ट वाटतो आणि महिन्याभरात खुळखुळायला लागतो.

तिरफळ

शाफ्ट आता सगळे स्टेनलेसचे. ३०४, ३१६ हाताने कापतं का?

बीडवाला

कापतं, पण घाबरत कापलंत तर नाही. स्टेनलेसवर टूल नुसतं घासलं की पृष्ठ कडक होतं, आणि पुढच्या स्ट्रोकला त्या कडक थरावरून टूल घसरतं. ०.०२-०.०३ चे कट इथे चालत नाहीत, निदान ०.०५ आत जायलाच हवं. म्हणून रुंदी कमी करा: अडीच-तीन मिमीचं टूल, ताजी धार. परतीला टूल ओढत येऊ देऊ नका, क्लॅपर हाताने उचला.

उंडीचं झाड

गंजावर बोलू. समुद्रापासून दोन किलोमीटरच्या आत असाल तर बीडाचं तासलेलं पृष्ठ जुलैमध्ये एका रात्रीत तांबूस होतं. संध्याकाळी काम थांबलं की चुरा ब्रशने काढा, रॉकेलच्या फडक्याने पुसा, वर ६८ नंबरचं स्लाईड ऑईल पातळ फिरवा. गनमेटलचा चुरा तर टेबलावर अजिबात ठेवू नका. खारट दमटपणात गनमेटल आणि बीड एकमेकांना लागून राहिले की बीड खाल्लं जातं, टी-खाचेच्या कोपऱ्यात खड्डे पडतात. यंत्रावर प्लास्टिक टाकू नका, आत घाम धरतो. जुनी सुती चादर तेलात ओलसर करून घाला.

खोबरेल कापताना टूलवर लावायला छान, विशेषतः स्टेनलेसला. पण स्लाईडवर ते वंगण म्हणून ठेवू नका. खवट होतं, आम्ल धरतं. जवसाचं तर गोंदासारखं सुकतं.

जांभा

पाया कोणीच काढला नाही. जांभ्याच्या चौथऱ्यात अँकर फास्टनर ठोकून शेपर बसवलेला दिसतो, तो दोन महिन्यांत हलायला लागतो. जांभा भुसभुशीत, फास्टनर फुगला की भोवतीचा दगडच चुरतो. चौथऱ्यावर निदान १५० मिमी काँक्रीट ओता, त्यात बोल्ट आधीच उभे करा, किंवा बोल्ट लाकडी बाकातून आरपार घेऊन खाली १० मिमीची लोखंडी पट्टी द्या. हातशेपरला मागेपुढे धक्का असतो, बाक मागे भिंतीला टेकलेला बरा. बाकाचं लाकूड ओलं घेऊ नका, पावसाळा सरला की पीळ पडतो आणि सांगाडाही त्याच्याबरोबर पिळतो.

बसवून झाल्यावर पहिलं काम: टेबलाचा वरचा भाग त्याच यंत्राच्या टूलने एक हलका कट घेऊन तासा. मग ते पृष्ठ रॅमला आणि आडव्या फीडला आपोआप समांतर होतं.

खाडीपलीकडे

शेवटचं. टेपरची, डोकंवाली चावी विंचच्या ड्रमला लागते, १ ला १०० ची. तिच्यासाठी हबची खाच उतरती कशी काढता?

सूतभर

हबच्या खालीच पत्रा. ६० मिमी लांबीच्या हबला ज्या टोकातून चावी ठोकणार ते टोक खोल हवं. खाच तळाला कापत असाल तर ते टोक ०.६ मिमीच्या पत्र्याने उचला. फीलर गेजची पानं जुळवून तेवढी जाडी होते. इथे मात्र डोक्यावर फट नको, ही चावी वर-खालीच घट्ट बसते. खाचेत निळं लावून चावी हाताने दाबून काढा, रंग पूर्ण लांबीला उठला पाहिजे. पुढच्याच टोकाला उठला तर पत्रा जास्त झाला, डोक्याकडेच उठला तर कमी.